ऋषीचं कूळ आणि स्पेन्सरांचं मूळ

मे १६२१ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये वातावरण चांगलंच तापलं होतं. निमित्त होतं सर हेन्री येल्व्हर्टन यांचं. ३० एप्रिलला या माजी अ‍ॅटर्नी जनरलनी भर सभेत जेम्स राजाचा लाडका बकिंगहॅम याची तुलना ह्यू स्पेन्सरशी केली होती. हा ह्यू तीनशे वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या एडवर्ड राजाच्या गळ्यातला ताईत. दरबारात कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं हे तो ठरवी, दुसऱ्यांच्या जमिनी लाटी. १३२६ साली त्याला हेरफर्डला जाहीरपणे हालहाल करून मारलं. जेम्सला टोमणा बरोबर लागला. बकिंगहॅम जर स्पेन्सर असेल, तर मी दुसरा एडवर्ड ठरतो, असा त्याचा संताप होता. त्या एडवर्डला गादीवरून खेचलं होतं, हे सभेतल्या प्रत्येकाला पाठ होतं.

येल्व्हर्टनना शिक्षा करायची हे जवळपास ठरलंच होतं. पण आधी त्यांचं म्हणणं ऐकायचं की नाही, यावर ८ मे रोजी सरदारांमध्ये जुंपली. अरुंडेलचा अर्ल थॉमस हॉवर्ड म्हणत होता, ऐकायची गरज नाही. त्यावर एक पन्नाशीतला सरदार उठला. अरुंडेलच्याच दोन पूर्वजांना बाजू न ऐकता दोषी ठरवलं गेलं होतं, याची त्यानं त्याला आठवण करून दिली. आठवण झोंबणारी होती. अरुंडेलच्या पणजोबाचं डोकं १५४७ साली उडवलं गेलं, आजोबांचं १५७२ साली, आणि वडील १५९५ साली लंडनच्या टॉवरच्या कैदेत वारले. इंग्लंडमधल्या सगळ्यात जुन्या घराण्यांपैकी एकाचा हा वारस. तो उसळला. माझ्या पूर्वजांनी सोसलं हे खरं, तो म्हणाला, पण ज्या काळात ते राजाची आणि देशाची सेवा करत होते, त्या काळात या बोलणाऱ्या लॉर्डसाहेबांचे पूर्वज बहुधा मेंढरं राखत असतील.

उठलेल्या सरदाराचं नाव होतं रॉबर्ट स्पेन्सर, वर्मलेटनचा पहिला बॅरन. पुढे ही गोष्ट सांगणाऱ्यांनी त्याच्या तोंडी एक उत्तर घातलं, आणि तेच जगप्रसिद्ध झालं: माझे पूर्वज मेंढरं राखत होते तेव्हा तुमचे पूर्वज राजद्रोहाचे कट शिजवत होते. सांगणाऱ्यांनी थोडा मीठ-मसाला लावला असेल. एवढं मात्र पक्कं की, माफी मागायला नकार दिल्याबद्दल अरुंडेलची रवानगी टॉवरमध्ये झाली. बापाचीच वाट.

भांडण इथं संपलं. कोडं इथून सुरू होतं.

ज्या ह्यू स्पेन्सरच्या नावावरून राजा पेटला होता, त्याच घराण्यातून आपण उतरलो असा या रॉबर्टच्या कुळाचा लेखी दावा होता. कागद होता, त्यावर राजदरबारच्या अधिकाऱ्याची मान्यता होती. नाव कधी स्पेन्सर, कधी डिस्पेन्सर असं लिहिलं जाई, पण घराणं तेच. त्यातल्या थोरल्या ह्यूला विंचेस्टरची अर्लकी मिळाली होती. म्हणजे अरुंडेल मेंढरांवरून बोलला तेव्हा रॉबर्टला सरळ म्हणता आलं असतं, की तुमच्या हॉवर्डांना दरबार दिसला त्याच्या आधीपासून आमचे लोक राजाच्या उजव्या हाताला बसत होते. तो तसं बोलला नाही. त्या आठवड्यात ते नाव उच्चारणं म्हणजे आपण होऊन त्या फाशी गेलेल्या लाडक्याचं नातं गळ्यात घालणं. पण मला वाटतं, कारण एवढंच नव्हतं. माणूस चिडला की खरं बोलतो. मेंढरांचा टोमणा त्यानं नाकारलाच नाही, आणि लोकांच्या आठवणीतल्या उत्तरात तर तो छाती पुढे काढून कबूल केला.

हा दावा खरा की बनावट, हे ठरायला पुढे २८० वर्षं लागली. ठरवलं ते ब्रायटनमध्ये राहणाऱ्या एका आजारी, भांडखोर, घरचं बरं असलेल्या माणसानं.

जॉन होरेस राउंड १८५४ साली ब्रायटनमध्ये जन्मला. ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात इतिहास शिकला. विद्यापीठातली नोकरी त्यानं कधी केली नाही. पोटाची चिंता नव्हती, प्रकृतीची मात्र कायम. अंथरुणात पडून तो एकेका प्रतिपक्षाचा समाचार घेई, आणि त्याच्या तावडीत सापडलेला माणूस सहसा धड सुटत नसे. इतिहासकार फ्रीमनवर त्यानं वर्षानुवर्षं दात धरला. हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्रजांनी लाकडी कोट उभारला होता की नाही, एवढ्यावर दोन्ही बाजूंनी पानंच्या पानं भरली. गंमत अशी, की वंशावळी रचणाऱ्यांविरुद्ध पहिला मोठा हल्ला १८७७ साली याच फ्रीमननं एका लेखातून चढवला होता. त्या एका बाबतीत दोघांचं एकमत होतं. पण फ्रीमन गर्जना करून थांबला. राउंडनं एकेक खिळा उपसून काढला.

राउंडला हे जमलं त्याला काळाचीही साथ होती. लंडनच्या चॅन्सरी लेनमधल्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसात शतकानुशतकांचे चर्मपत्रांचे गुंडाळे एकत्र आले होते: खजिन्याचे वार्षिक हिशेब, जमीन खरेदीचे करारनामे, जमीनदार मेला की वारस कोण आणि त्याचं वय काय हे लिहिणारे चौकशीचे कागद. त्यांच्या सूच्या आणि सारांश भराभर छापून निघत होते. लुच्चेगिरी करणाऱ्या माणसानं तीन शतकांपूर्वी अंधाऱ्या खोलीत बसून जे नाव उचललं असेल, ते आता छापील पानावर तपासता येत होतं. राउंडची कसोटी एकच होती आणि ती निर्दय होती. अमका तमक्याचा मुलगा, असं म्हणता ना? मग त्या काळचा कागद दाखवा. वंशावळीतली एक कडी तुटली की वरचं सगळं गळून पडतं, ते कितीही झळझळीत असो.

आता ती वंशावळ आली कुठून, ते पाहू. एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्लंडमध्ये नवा पैसा फार झाला होता. लोकर, कापड, मठांच्या विकाऊ जमिनी, वकिली, सरकारी नोकरी, कशाकशातून माणसं वर आली होती, आणि वर आलेल्या प्रत्येकाला आजोबा हवे होते. खुद्द राणीचा मुख्य मंत्री बर्ली आपली मुळं वेल्सच्या जुन्या सरदारांमध्ये शोधत असे. स्ट्रॅटफर्डच्या हातमोजे बनवणाऱ्या जॉन शेक्सपिअरला १५९६ साली कुलचिन्ह मिळालं, आणि काही वर्षांतच त्यावरून अधिकाऱ्यांत आपसांत चिखलफेक झाली. कुलचिन्हं देणं, वंशावळी तपासणं हे काम कॉलेज ऑफ आर्म्समधल्या हेरल्ड मंडळींचं. ते दौरे काढत, घराघरांत जाऊन वंशावळी नोंदवत, आणि त्यांना शुल्क मिळे. शुल्क देणाऱ्याला काय ऐकायला आवडेल हे कळण्याइतके ते हुशार होते. आपल्याकडे ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. हेरल्डांचा अख्खा धंदा विचारण्यावर चालत होता. फक्त उत्तर कधीकधी आधी ठरलेलं असे.

१५९५ साली क्लॅरेन्सू किंग ऑफ आर्म्स या मोठ्या हुद्द्यावर रिचर्ड ली होता. रॉबर्टचे वडील तेव्हा हयात होते. लीनं स्पेन्सरांची वंशावळ मांडली आणि त्यांना डिस्पेन्सरांच्या एका धाकट्या पातीशी जोडून दिलं. निवड मोठी चतुर होती. डिस्पेन्सरांची मुख्य पुरुषशाखा पंधराव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपली होती, मालमत्ता मुलीच्या बाजूनं दुसरीकडे गेली होती. आक्षेप घ्यायला उरलं होतं कोण? आणि आधीच एक साक्षीदार मिळाला होता, तोही कवी. एडमंड स्पेन्सरनं १५९१ साली ऑल्थॉर्पच्या, म्हणजे या स्पेन्सरांच्या घरच्या, तीन लेकींना कविता अर्पण करताना त्यांच्याशी आपलं नातं सांगितलं होतं. ज्याला स्वतःच नातं हवं होतं त्याची साक्ष किती मानायची, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

१९०१ साली राउंडचं ‘स्टडीज इन पीअरेज अँड फॅमिली हिस्टरी’ बाहेर पडलं. त्यात स्पेन्सरांच्या उदयावर एक सबंध प्रकरण आहे. लीचा डाव त्यानं उलगडून दाखवला. जुन्या दप्तरांत जिथे कुठे स्पेन्सर किंवा डिस्पेन्सर सापडला, तिथून ली तो उचलत गेला होता. वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या कुळांतल्या माणसांना त्यानं एका दोऱ्यात ओवलं होतं. खोटेपणा नावांत नव्हता. माणसं खरी होती, कागदही खरे होते. खोटी होती ती ‘याचा मुलगा तो’ ही जोड. मुळात डिस्पेन्सर हे कोठीच्या कारभाऱ्याचं पद. दर मोठ्या वाड्यात एक असायचाच. सगळे कुलकर्णी एकाच आजोबांची नातवंडं आहेत असं धरून वंशवृक्ष काढावा, तसलाच हा प्रकार.

पण राउंडच्या हातातला हुकमाचा पत्ता वेगळाच होता, आणि तो स्पेन्सरांनीच त्याच्या हाती दिला होता. १५०४ साली जॉन स्पेन्सर नावाच्या माणसाला कुलचिन्ह मिळालं होतं. निळी ढाल. तिच्या मधोमध आडवा पट्टा, पांढऱ्या केसाळ कातड्याचा, काळे ठिपके असलेला. पट्ट्याच्या वर आणि खाली मिळून सहा समुद्रपक्ष्यांची पांढरी डोकी, मानेशी उपटल्यासारखी, कडा फाटलेल्या. चिन्ह देखणं आहे. पण डिस्पेन्सरांच्या ढालीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ती ढाल चार खणांची, पांढरी आणि लाल, लाल खणांत सोनेरी जाळी, आणि वरून तिरका काळा पट्टा. ज्या माणसाच्या घरात बापजाद्यांची ढाल टांगलेली आहे तो पैसे देऊन नवी कशाला घेईल? १५०४ साली जॉन स्पेन्सरला नवी लागली, कारण जुनी नव्हती. नंतर, लीच्या काळात, घराण्यानं डिस्पेन्सरांची ढाल उचलली. दोन घराण्यांत फरक दिसावा म्हणून काळ्या पट्ट्यावर तीन शिंपले बसवले, आणि पक्षी मागे पडले.

हा जॉन स्पेन्सर कोण? रॉबर्टचा खापरपणजोबा. त्याचा मुलूख वॉरिकशायर आणि नॉर्थम्प्टनशायर यांच्या सीमेवरचा, इंग्लंडच्या पोटातला, जड चिकणमातीचा. तिथे गवत उत्तम येतं. जॉन आधी ऑल्थॉर्पमध्ये भाडेपट्ट्यानं कुरणं घेऊन होता. १५०६ साली त्यानं वर्मलेटन विकत घेतलं, १५०८ साली कॅट्सबी घराण्याकडून ऑल्थॉर्प घेतलं, ८०० पौंडांना. पैसा आला मेंढ्यांमधून आणि गुरांमधून. मेंढपाळ म्हटलं की काठीवर हनुवटी टेकून उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. जॉन त्यातला नव्हता. हा व्यापारी होता. लोकर, मटण, पैदाशीची जनावरं, आणि माल थेट लंडनपर्यंत. नातवाच्या काळात कळप दहा हजारांच्या वर गेले. लोक सांगत की स्पेन्सरांच्या मेंढ्या १९,९९९ झाल्या तरी विसाव्या हजाराची शेवटची काही पुरी होत नाही, आधीच एखादी मरते. असल्या दंतकथा फक्त गडगंज घराण्यांबद्दलच निघतात.

या वैभवाची दुसरी बाजू राउंडच्या प्रकरणापेक्षा मला जास्त बोचते. वर्मलेटन हे एकेकाळी भरलेलं गाव होतं. १४९८ च्या सुमारास आधीच्या मालकानं, विल्यम कोपनं, शेतांना कुंपणं घातली, घरं मोडली, माणसं हाकलली आणि नांगराखालची जमीन गवताला दिली. टॉमस मोरच्या ‘युटोपिया’त १५१६ साली मेंढ्या माणसं खाऊ लागल्याची तक्रार आली ती याच परिस्थितीतून. सरकारनं १५१७ साली चौकशी नेमली, तेव्हा उजाड जमिनीचा मालक जॉन स्पेन्सर होता. कुंपणं काढून जमीन पुन्हा नांगराखाली आणा, असा त्याच्यावर दट्ट्या आला. त्यानं आठव्या हेन्रीला अर्ज केला. कुंपणं माझ्या आधीची आहेत, मी तर उलट घरं बांधली, देवळाची डागडुजी केली, आसपास लाकूड नाही म्हणून कुंपणांच्या कडेनं ओकच्या बिया पेरल्या. आणि मुख्य म्हणजे, कुरणं गेली तर मी बुडालो, कारण जनावरांच्या पैदाशीखेरीज मला दुसरं उपजीविकेचं साधन नाही.

हे वाक्य पुन्हा वाचावं. डिस्पेन्सर अर्लांच्या कुळातला असता, तर राजापुढे जीव तोडून अर्ज करताना त्यानं एकदा तरी तसं म्हटलं असतं. जॉननं सांगितलं ते एवढंच: माझा धंदा हा, माझी जमीन ही, मला जगू द्या. राजानं जगू दिलं. जॉनला ‘सर’ ही पदवी मिळाली, १५२२ साली तो वारला, आणि ऑल्थॉर्पजवळच्या ग्रेट ब्रिंग्टनच्या चर्चमध्ये त्याला पुरलं. कुरणंही राहिली. हाकललेल्यांची वंशावळ कुणी मांडली नाही. वर्मलेटनच्या गवतात जुन्या घरांच्या जोत्यांचे उंचवटे मात्र अजून दिसतात.

व्यापाराचं रक्त या घराण्यात दुसऱ्या बाजूनंही आलं. जॉनच्या नातवानं, तोही सर जॉन, कॅथरिन किट्सनशी लग्न केलं. तिचे वडील सर टॉमस किट्सन लंडनचे कापड व्यापारी, परदेशी व्यापारातले बडे आसामी, १५३३ साली लंडनचे शेरीफ. सफोकमधला हेंग्रेव्ह हॉल त्यांनीच बांधला. याच किट्सनांची एक बहीण वॉशिंग्टन घराण्यात दिलेली होती. तिचा मुलगा लॉरेन्स लोकरीच्या व्यापारात पडला, नॉर्थम्प्टनचा मेयर झाला, आणि त्यानं १५३९ साली सल्ग्रेव्हची मालमत्ता घेतली. त्याच वंशातला जॉर्ज पुढे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. ग्रेट ब्रिंग्टनला गेलात तर स्पेन्सरांच्या संगमरवरी ऐटीशेजारी जमिनीत एक साधी फरशी आहे, १६१६ साली वारलेल्या एका लॉरेन्स वॉशिंग्टनची. दोन्ही घराणी लोकरीवर वाढली.

इथे नावांच्या सापळ्याचा एक नमुना सांगायलाच हवा. त्याच काळात लंडनमध्ये आणखी एक सर जॉन स्पेन्सर होता, कापडाचा व्यापारी, १५९४ साली निवडलेला लॉर्ड मेयर, लोक त्याला ‘श्रीमंत स्पेन्सर’ म्हणत. ऑल्थॉर्पशी त्याचं नातं नाही. पण त्याच्या एकुलत्या एक मुलीनं, एलिझाबेथनं, लॉर्ड कॉम्प्टनशी लग्न केलं, आणि या कॉम्प्टनची सावत्र आई होती ऑल्थॉर्पची अ‍ॅन स्पेन्सर. कागद न पाहता नुसत्या नावांवर भिस्त ठेवणाऱ्याची इथे पाच मिनिटांत दिशाभूल होते. लीची तर अशा जागांवरच चंगळ असे.

राउंडवर कुणी फिर्याद केली नाही, कुणी त्याला खोडूनही काढलं नाही. १९१४ पासून काही वर्षं राजसत्तेनंच त्याला सरदारकीच्या दाव्यांत इतिहासाचा सल्लागार म्हणून नेमलं, बिनपगारी. सरदारकीच्या पुस्तकांतून डिस्पेन्सर हळूहळू बाजूला झाले, आणि स्पेन्सरांची सुरुवात पंधराव्या शतकातल्या कुरणवाल्यांपासून होऊ लागली.

राउंडला थोरांना खाली ओढण्यात आसुरी आनंद होता, हे त्याच्या लिखाणात लपत नाही. पण या बाबतीत त्यानं स्पेन्सरांचं नुकसान केलं असं मला वाटत नाही. लीच्या कागदात त्यांचे पूर्वज म्हणजे राजाच्या मर्जीवर फुगलेला आणि फासावर संपलेला एक कंपू. खऱ्या कागदांत ते कुरण भाड्यानं घेणारे, शंभर वर्षांत राज्यातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत गणले जाणारे. पुढची चढण तर कागद रचून होणारी नव्हतीच. रॉबर्टचा नातू १६४३ साली सन्डरलंडचा अर्ल झाला आणि त्याच वर्षी न्यूबरीच्या लढाईत पडला. त्याच्या वंशजानं मार्लबरोच्या चर्चिलांची लेक केली, आणि १७३३ साली मार्लबरोची ड्यूकपदवीच घरात आली. विन्स्टन चर्चिलचं पुरं आडनाव स्पेन्सर-चर्चिल, ते या शाखेमुळे. धाकटी पाती ऑल्थॉर्पला राहिली, १७६५ साली अर्ल स्पेन्सर झाली, आणि तिच्यात प्रिन्सेस डायाना जन्मली.

डायानाचा थोरला मुलगा विल्यम २००० साली अठरा वर्षांचा झाला तेव्हा त्याला स्वतःचं कुलचिन्ह मिळालं. राजघराण्याचीच ढाल, वर पांढरी तीन टोकांची पट्टी, आणि मधल्या टोकावर एक छोटा लाल शिंपला, आईच्या घराची खूण म्हणून. धाकट्या हॅरीला तर तीन मिळाले. शिंपले आले स्पेन्सरांकडून, आणि स्पेन्सरांच्या ढालीवर ते बसले होते डिस्पेन्सरांचा वारसा उसना घेताना, फरक दिसावा म्हणून. राउंडनं वंशावळ मोडून काढल्याला तेव्हा ९९ वर्षं झाली होती. मेंढ्यांच्या पैशातून खरोखर मिळवलेल्या त्या सहा समुद्रपक्ष्यांची आठवण या खेपेलाही कुणाला झाली नाही.